अवधाणाची गाठ

आमच्या आगरी लोकांत लग्न भटजी लावतो ही हल्लीची गोष्ट. आधी ते काम धवलारणीचं. मांडवाच्या पहिल्या खांबापासून नवरी दाराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला, म्हणजे गाणं, आणि ते सगळं तिला तोंडपाठ हवं. माझ्या सासूबाई गोजराबाई आमच्या गावच्या धवलारीण. उंचीनं जेमतेम, पण आवाज असा की माइकवाला आला तर त्याला म्हणायच्या, "जा बाला, तू चाय पी." गावाच्या चारी बाजूंनी सेक्टर उभे राहिले, भाताच्या खाचरांवर सोसायट्या आल्या, लग्नांत बॅन्जो पार्टी घुसली. तरी हळदीचं पहिलं बोट लागायचं ते सासूबाईंनी तोंड उघडल्यावरच.

फक्त एका घरी त्या कधी गायल्या नाहीत. मालतीकाकीच्या.

मालतीकाकी आमच्या भावकीतल्या, तीन घरं सोडून राहायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला या भानगडीचा पत्ता नव्हता. माझं माहेर उरणकडचं, मी दहावी पास, वाशीला एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर नोकरीला. एका संध्याकाळी कामावरून येताना काकींनी दारातून हाक मारली म्हणून मी आत गेले. त्यांनी चहा केला, आधी आपल्या पेल्यात ओतला, माझ्याकडे बघत दोन घोट घेतले आणि मग माझा कप पुढे केला. मला रागच आला. पाहुण्याच्या आधी स्वतः पिणारी बाई मी पहिल्यांदा बघत होते. घरी येऊन मी त्यांची नक्कल करून दाखवली. कोणी हसलं नाही. सासूबाई उठून आत गेल्या आणि माझा नवरा दिलीप हळूच म्हणाला, "नमे, तिकडं काय खाऊपिऊ नको. आईला चालत नाय."

मग त्यानंच सांगितलं. सासूबाई लहान असताना त्यांची आई आणि मालतीकाकीची आई एकाच मिठागरात मीठ ओढायच्या. जिवाभावाच्या मैत्रिणी. एका दुपारी सासूबाईंच्या आईनं मैत्रिणीच्या हातची भाकरी आणि सुकट खाल्ली. संध्याकाळी पोटात कळ उठली, उलट्या लागल्या, पोट दगडासारखं झालं आणि बाई गेली. भगतानं अंगारा टाकून निकाल दिला, घासातून घातलंय, म्हणजे करणी करून खायला दिलंय. झालं. गावानं मालतीकाकीच्या आईला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, कोणी तिला मजुरीला नेईना. ती खाडीच्या बांधावर खोपट करून राहिली आणि तिथेच मेली. मालतीकाकी तेव्हा परकर नेसायच्या वयाच्या. पुढे सासूबाईंसारखंच त्यांचंही लग्न गावातच झालं, पोरंबाळं झाली, पण ते जुनं काही धुऊन निघालं नाही. त्यांच्या दोन्ही मुलींच्या लग्नात पलीकडच्या गावातून धवलारीण आणावी लागली.

म्हणून काकी आधी स्वतः प्यायच्या. 'बघा, यात काही नाही.' आयुष्यभर प्रत्येक पाहुण्यासमोर आपल्या हातच्या चहाची त्या अशी साक्ष देत आल्या होत्या. मी केलेली नक्कल मला नंतर कितीतरी दिवस टोचत राहिली.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे घडलं ते या एका संशयापायी सासूबाईंच्या जिवावर बेतलं होतं.

पंच्याण्णव साल असेल. सासूबाई ओटीवर बसून तांदूळ निवडता निवडता गायच्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की वरची पट्टी लावताना त्यांचा उजवा हात जांघेत जातो. खोकला आला तरी तेच. शिंक आली तरी तेच. मी विचारलं तर आधी उडवून लावलं. मग एकदा मोरीत त्यांना लुगडं नेसताना मी पाहिलं. जांघेच्या घडीखाली लिंबाएवढी गाठ.

"हे काय आई?"

"अवधान हाय. पायाला चीर पडली की येतंच. दोन दिस शेकला का बसतं."

अवधाण आम्हाला नवं नव्हतं. खाडीत उतरून खडकावरची कालवं काढणारी बाई, तिच्या पायाला शिंपल्याची धार लागणार, जखम पिकणार आणि जांघेत गाठ येणार. माझ्या आईला, आजीला, सगळ्यांना आलेलं. त्यावर मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकायचं आणि अंगठ्यानं चोळायचं, हा औषधोपचारही सगळ्यांना पाठ.

"माजे आयेला पन व्हता," सासूबाई म्हणाल्या. "मिठाचे पान्यात उभी राहनारी ती. कामावरशी आली का जांगेत हात दाबून बसाची. आडवी झाली का गाठ गायब."

मी मान डोलावली आणि कामावर गेले. पण मनाला काहीतरी लागून राहिलं. रविवारी सासूबाईंच्या पायांना तेल चोळत होते तेव्हा ते सापडलं. त्यांचे तळवे चांगले गुळगुळीत होते. एक चीर नाही, एक खपली नाही. असणार कुठून? जिथं त्या कालवं काढायच्या तिथं भराव पडून कधीचे इमारतींचे खांब उभे राहिले होते. खाडीत उतरून त्यांना वर्षं लोटली होती. मग पायाला काही नसताना अवधाण आलं कुठून?

मी हे बोलून दाखवलं. सासूला तिची चूक दाखवून देणारी सून म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळेल.

"दुकानात गोल्या इकतेस म्हनून डॉक्टरीन झालीस का?"

"डॉक्टरलाच दाखवू म्हणतेय मी."

"जांग? परक्या मानसाला? मेली तरी नाय."

दुकानात हर्नियाचे पट्टे घ्यायला बाजारातले हमाल यायचे. पाठीवर गोणी वाहून वाहून त्यांच्या जांघेत फुगा आलेला असायचा. पण तो पुरुषांचा आजार अशी माझी पक्की समजूत. बायकांसाठी कुणी पट्टा नेताना मी पाहिलं नव्हतं. त्यामुळे संशय आला तरी त्याला नाव नव्हतं. दिलीपला सांगितलं. तो तळोज्याला केमिकल कंपनीत, शिफ्ट करून दमलेला. म्हणाला, "जाईचं लग्न होऊ दे. मग मी उचलून नेतो तिला."

जाई म्हणजे बाजीरावकाकांची नात. बाजीरावकाका गावातले मोठे, सासूबाईंचे चुलत दीर. त्यांच्या घरच्या लग्नात सासूबाई नाहीत असं होणंच शक्य नव्हतं. हळदीच्या दिवशी सकाळपासून त्या मांडवात. धवलारणीनं विधी पुरा होईपर्यंत जेवायचं नाही असा त्यांचा नेम होता, फक्त चहा चालायचा. मी सुट्टी टाकून त्यांच्याजवळच बसले होते, कारण पहाटेपासून त्यांचा चेहरा मला बरा दिसत नव्हता.

जाईला पाटावर बसवलं. सासूबाईंनी धवला उचलला. पहिली दोन कडवी नेहमीसारखी झाली. तिसऱ्याला त्यांनी आवाज वर नेला आणि मध्येच त्यांचा श्वास अडकला. हात जांघेत गेला तो तिथेच राहिला. तरी बाई गात होती. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी कानात म्हटलं, "थांबा." त्यांनी मला कोपरानं ढकललं. गाणं संपवलं, हळद लागली, आणि मग त्या खांबाला टेकल्या. कुणीतरी चहाचा कप आणून हातात दिला. दोन घोट पोटात गेले असतील नसतील, त्या वाकल्या आणि भडभडून ओकल्या.

आधी सगळ्या म्हणाल्या उपाशीपोटीचं पित्त. लिंबू आलं, कांदा आला. पण उलटी थांबेना. पोटात पीळ पडल्यासारख्या कळा येत होत्या आणि त्या मधूनमधून ओरडत होत्या. ज्या बाईनं सहा बाळंतपणांत आवाज काढला नव्हता ती ओरडत होती.

एवढ्यात कुणीतरी विचारलं, "चाय कोनी केली?"

चुलीवरची बाई पोराला पाजायला उठली होती आणि कामाचा खोळंबा नको म्हणून तिच्या जागी मालतीकाकी बसल्या होत्या. एरवी त्यांना कुणी चुलीपाशी फिरकू दिलं नसतं. त्या दिवशीच्या गर्दीत ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता आलं. मांडवात कुजबुज पसरायला वेळ लागला नाही. आईनं आईला घातलं, लेकीनं लेकीला घातलं.

खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात पाल चुकचुकली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे कळतं सगळ्यांना, पण फांदी आपल्या डोक्यावर पडली की आपण कावळ्याकडेच बघतो.

बायकांनी काकींना चुलीपासून ओढून आणलं. एकीनं त्यांचा अंबाडा धरला. "काढ! केलंस ता काढ!" काकी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्याच टोपातली मी आदी प्यायली. समद्यांचे समोर प्यायली." कुणी पाहिलं नव्हतं.

बाजीरावकाकांनी हुकूम सोडला, भगताला घेऊन या, तोवर गोजराला हलवायचं नाही. इकडे एका म्हातारीनं मिठाची पुरचुंडी तापवून आणली होती. सासूबाई कळवळून सांगत होत्या, "अवधान दुकतं, अवधान." म्हातारी लुगड्यात हात घालून गाठ दाबून बसवायला बघत होती. सासूबाईंची किंकाळी ऐकून मी तिचा हात झटकला. दोघींना चादर धरायला लावली आणि आडोसा करून पाहिलं. लिंबाची गाठ आता मोठी झाली होती. लाल, कडक, बोट लावू देत नव्हती. आडवं झाल्यावर आत जाणारी गाठ आडवं होऊनही आत जात नव्हती.

मला रोगाचं नाव माहीत नव्हतं. पण तिथे भगताचं काही काम नाही एवढं मला दिसत होतं.

"काका, टेम्पो द्या. वाशीला नेते."

"भगत येऊ दे. बाहेरचं असलं तर डॉक्टरच्या सुईनं मानूस जागेवर मरतं."

"आणि बाहेरचं नसलं तर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दिलीप फर्स्ट शिफ्टला, तळोज्यात. मांडवाचा टेम्पो काकांच्या शब्दाबाहेर नाही. मी मांडवाच्या मधोमध उभी होते आणि एवढ्या भावकीत मला एक माणूस सापडत नव्हता. तेव्हा अंबाडा सुटलेल्या मालतीकाकी म्हणाल्या, "माजे हितेशची रिक्षा हाय बाहेर."

सासूबाईंनी डोळे उघडले. कळ ओसरली होती तेवढ्यात म्हणाल्या, "तिचे रिक्षात नको."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसलं हे. माझा ताबा सुटला. सासूपुढे कधी आवाज न चढवलेली मी, भर मांडवात ओरडले, "मग मरा इथंच! तुमची आई मेली तशी मरा. आणि मग ह्या बाईला आणखी एक खोपट बांधून द्या बांधावर!"

असं बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण हितेशनं आणि मी उचललं तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. काकी न सांगता आत येऊन बसल्या, कारण मला एकटीला त्यांना धरणं जमेना. त्यांचं डोकं काकींच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. सानपाड्याच्या अलीकडे त्यांना पुन्हा उलटी झाली. हिरवीगार. ती सगळी काकींच्या ठेवणीतल्या लुगड्यावर गेली. काकी त्यांचं तोंड पदरानं पुसत होत्या आणि एकसारखं पुटपुटत होत्या. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. कान दिला तर म्हणत होत्या, "मरू नको गो गोजरा. तू मेलीस तं माजे पोराला गाव जगू देनार नाय. मरू नको."

मांडवातले सगळे या बाईच्या डोळ्यांत कट शोधत होते. तिच्या डोळ्यांत फक्त भीती होती. तरी तिनं रिक्षा दिली होती. तिला गप्प बसता आलं असतं, आणि सासूबाई मांडवातच मेल्या असत्या तर थोडा दोष भगताच्याही माथी गेला असता. पण तिच्या रिक्षात गेल्या असत्या तर तिचं घर उरलं नसतं. हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला डॉक्टर गीतांजली म्हणून तरुण बाई होत्या. बाई डॉक्टर बघून मी हात जोडले. त्यांनी पडदा ओढला, गाठ पाहिली, पोटावर हात ठेवला आणि भराभर विचारत गेल्या. गाठ कधीपासून आहे? आधी आत जायची का? उलटीचा रंग कसा? संडास कधी झाली? वारा सरतोय का? चोळलंय का कुणी?

"चोळायला निघाले होते. मी होऊ दिलं नाही."

"बरं केलंत. हा हर्निया आहे. आतडं अडकलंय. आत्ता ऑपरेशन."

"बायकांना हर्निया?"

"नंतर सांगते. सही कोण करणार?"

दिलीपला कंपनीत फोन लावला होता, पण तो येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. सही मी केली. आत नेताना सासूबाईंनी माझा हात धरला आणि विचारलं, "हलद लागली ना नीट?" म्हटलं, लागली. मग स्ट्रेचर गेलं.

बाकावर मी आणि काकी. त्यांच्या लुगड्याचा वास येत होता. मी म्हटलं, घरी जाऊन बदलून या. त्या म्हणाल्या, "ती भाईर येस्तोवर मी गावात पाय ठेवनार नाय." आणि खरोखरच हलल्या नाहीत. दिलीप आला, पाठोपाठ बाजीरावकाका भगताचा अंगारा घेऊन आले. काकींना बघून काका लांबच्या बाकावर बसले. डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आतड्याचा तुकडा काळा पडला होता, कापून जोडलं. आणखी उशीर झाला असता तर आतच फुटलं असतं. वाचतील." तेव्हा काकी उठल्या, भिंतीला धरून धरून जिना उतरल्या आणि निघून गेल्या. आभार मानायला मी मागे धावले, पण हितेशनं रिक्षा चालू केली होती.

गावात दुसऱ्या दिवशी जाईचं लग्न ठरल्याप्रमाणे लागलं. अंगारा वेळेवर पोचला म्हणून गोजरा वाचली, असं बाजीरावकाकांनी सगळ्या पाहुण्यांना सांगितलं.

चार-पाच दिवसांनी सासूबाईंना उशीला टेकून बसता येऊ लागलं. डॉक्टर गीतांजली राउंडला आल्या तेव्हा मी त्या दिवशीचा, बायकांना हर्निया कसा, हा प्रश्न पुन्हा विचारला. त्या खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, गादीची शिवण उसवली की कापूस बाहेर डोकावतो ना, तसं पोटाच्या आतल्या भिंतीचं होतं. जिथं भिंत कमजोर तिथून आतडं बाहेर येतं. पुरुषांना बहुतेक जांघेत वरच्या बाजूला, ओझी उचलून, खोकून खोकून. काहींना बेंबीत, बाळंतपणं झालेल्या बायकांना जास्त. काहींना जुन्या ऑपरेशनच्या टाक्याजवळ. आणि हा चौथा, जांघेच्या घडीखालचा, तो मुख्यतः बायकांनाच होतो. याचं भोक अरुंद असतं, म्हणून अडकतो लवकर. गाठ लहान असते, दुखत नाही, खोकलं की येते, निजलं की जाते, म्हणून बायका अंगावर काढतात. अवधाण समजतात. एक दिवस ती आत जात नाही, कडक होते, पोटात कळा, हिरवी उलटी, संडास बंद, वारा बंद. मग आतड्याचं रक्त तुटतं आणि ते मरतं. त्याच्याबरोबर माणूसही.

सासूबाई एकाग्र होऊन ऐकत होत्या. नवा धवला ऐकताना ऐकायच्या तशा.

"म्हंजे बांदाला खांड पडली," त्या म्हणाल्या, भरतीच्या पाण्यानं बांधाला भगदाड पडतं तशी.

"अगदी बरोबर, आजी."

"ही खांड कोनी पाडतं का? करनी करून?"

"नाही हो."

"घासातून? चायेतून?"

"खाण्याचा यात काहीही संबंध नाही."

सासूबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माजे आयेला जांगेत गाठ व्हती. मीठ ओढाची ती. निजली का गाठ जायाची. मंग एक दिस गेली नाय. हिरवी ओकली. पोट असा दगड. मी पोटाव हात फिरवाची तं मना ढकलून द्याची. बायांनी गाठ चोलली, लय चोलली." त्यांचा श्वास लागला. "तिना पन हेच व्हता?"

"मी त्यांना तपासलेलं नाही आजी, शपथेवर कसं सांगू? पण तुम्ही सांगता ते सगळं यातच बसतं. सुकट-भाकरी खाऊन कुणाच्या जांघेत गाठ येत नाही."

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. रात्रीचं जेवण घेतलं नाही. मला वाटलं टाके दुखतायत. मी पाठीवर हात ठेवला तर त्या रडत होत्या. जी बाई सगळ्या गावाच्या लेकींना रडवून सासरी पाठवायची, तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं. म्हणाल्या, "नमे, त्या खोपटाव मी दगड मारलेत. पोरांबरोबर जायाची मी. ती आत बसलेली असाची. मालती दारात उभी राहाची, तिना पन लागाचा."

लहान होतात तुम्ही, असं म्हणावंसं वाटलं, पण लहान असताना मारलेला दगड लागतो तो मोठ्यांनी मारलेल्या दगडाइतकाच. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, जड उचलायचं नाही, जोरानं गायचं नाही. सासूबाई ओटीवर गप्प बसून असायच्या. मालतीकाकी समोरून जाताना पदर ओढून घ्यायच्या आणि सासूबाई त्या वळेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहायच्या. गाव काकींबद्दल आता उघड बोलत नव्हतं, पण सोडलंही नव्हतं. म्हणे, अंगाऱ्यापुढे तिचं काही चाललं नाही.

मग एक दिवस सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढायला सांगितलं. धवला गायला जाताना नेसायच्या ते. म्हटलं, कुठं निघालात? "नलावर पानी कदी येतं?" एवढंच त्यांनी विचारलं. आमच्या आळीतला सार्वजनिक नळ मालतीकाकीच्या दारासमोरच. चार वाजता पाणी यायचं आणि अख्ख्या आळीच्या बायका हंडे घेऊन जमायच्या. बरोबर त्या वेळी, माझ्या खांद्यावर हात टाकून सासूबाई काकींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

काकी ओटीवर बसून बोंबील साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली, पण उठल्या नाहीत.

सासूबाई आत बघून बोलल्या नाहीत. नळाकडे तोंड करून बोलल्या. आवाज जपून वापरायचा होता, तरी शेवटच्या हंड्यापर्यंत पोचला. "ऐका गो बायांनो. मालतीचे आयेनं माजे आयेला काय केला नाय. माजी आय आतडा अडकून मेली. मना झायला तोच तिना झायलता. डॉक्टरनीनं सांगलंय. आनी मी त्या बाईचे खोपटाव दगड मारलेत. आता ज्याना अजून काय बोलाचा असंल त्यानी मना बोलावा."

हंडा भरून वाहत होता आणि कुणी तो काढत नव्हतं. बाजीरावकाकांची सून होती तिथे, ती खाली बघू लागली. सासूबाई वळल्या. "मालती," त्या म्हणाल्या आणि पुढे त्यांना शब्द सापडेनात. इतकी गाणी पाठ असलेली बाई, पण या कामाचा धवला कुणी रचलेलाच नव्हता.

मालतीकाकींनी विळी आडवी केली. हात धुतले. मग शांतपणे म्हणाल्या, "माजी आय ऐकाला नाय आता."

"नाय," सासूबाई म्हणाल्या.

"तिचा मयत उचलाला चार मानसा मिलाली नव्हती. मी आनी माजे बापानं नेली."

"ठाव हाय मना."

"मंग आता सांगून काय उपेग?"

सासूबाई पायरीवर बसल्या, टाक्यांवर हात ठेवून, खाली बघत. मला वाटलं काकी आत जाऊन दार लावून घेतील, आणि लावलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. त्या आत गेल्या खऱ्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नळावरच्या बायका हलत नव्हत्या. मग आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

काकी चहाचं भांडं आणि दोन पेले घेऊन बाहेर आल्या. ओटीवर टेकल्या. पहिल्या पेल्यात चहा ओतला आणि सवयीनं, नकळत, सासूबाईंकडे बघत तो आपल्याच तोंडाशी नेऊ लागल्या.

सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"आदी मना दे," त्या म्हणाल्या.